सोबतीचा खर्च

तेलंगणातल्या इंद्रवेल्लीचा बाजार सोमवारी भरतो. आदिलाबादहून गुडीहत्नूरवरून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मिरच्यांचे ढीग, सुकट, मडकी, बैलांच्या घुंगरमाळा, मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या. कानावर गोंडी, तेलुगू, लमाणी, दखनी आणि मराठी अशी सगळी एकदम पडते. कापसाच्या दिवसांत या गर्दीत वेचणीला आलेल्या बाया लगेच ओळखू येतात. बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात आणि बाजाराला हातात एकच पिशवी असते, कारण मुक्काम पालात आणि पालात सामान ठेवायला जागा नाही. पैनगंगेपलीकडून, किनवट-माहूरच्या बाजूनं या टोळ्या येतात.

चहाच्या टपरीवर अशाच एका मावशीची वही मी पाहिली. शाळकरी पोराची, अर्धी वापरलेली. मागच्या पानांत अक्षर एकही नाही, नुसत्या रेघा. ताणकाट्यावर गाठोडं चढलं की पाच किलोला एक उभी रेघ, वर काही उरलं तर ठिपका. पाच रेघा झाल्या की आडवी मारून गठ्ठा बांधायचा. मुकादम त्याच्या डायरीत लिहितो, मावशी तिच्या वहीत. आठवड्याला दोन्ही जुळल्या नाहीत तर डायरी खरी.

"मग वही ठेवता कशाला?" मी विचारलं.

"आपल्याला तरी ठावं असावं ना दादा, किती बुडाले ते."

कामगार अधिकाऱ्यापुढं ठेवली तर ही रेघांची वही पुरावा म्हणून मांडता येते. पण तिथपर्यंत ती न्यायची कोणी? मावशीला तेलुगू येत नाही, कार्यालय आदिलाबादला, जायचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि परत आल्यावर मुकादम पुढच्या वर्षी टोळीत घेईल याची खात्री नाही. बुडालेली रक्कम हजार-दोन हजार. ती मिळवायला लागणारा खर्च तेवढाच किंवा जास्त. परमुलखात राबणाऱ्या माणसाच्या हक्कांचं सगळं गणित या एका वजाबाकीत अडकलेलं आहे, आणि हा लेख त्या वजाबाकीबद्दल आहे.

कायदा नाही असं मुळीच नाही. १९७९ साली संसदेनं आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. ओडिशात 'दादन' पद्धतीनं, म्हणजे आगाऊ रक्कम हातावर ठेवून, सरदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुरांचे हाल हे त्याचं निमित्त. आपल्याकडची उचल आणि मुकादम हेच तिकडचं दादन आणि सरदार. पाच माणसांची टोळी असली तरी कायदा लागू. ठेकेदारानं परवाना घ्यायचा, प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात कामाचं ठिकाण, दर, उचल, कपात लिहायची. जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या निम्मी किंवा ७५ रुपये, यांतली मोठी रक्कम विस्थापन भत्ता म्हणून द्यायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असं पासबुक मी एकाही मजुराच्या हातात पाहिलेलं नाही. मावशीची वही हेच तिचं पासबुक, तिनं स्वतः छापलेलं.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांतल्या एका संहितेत विरघळला. आपल्या पायानं परराज्यात गेलेला मजूरसुद्धा आता स्थलांतरित धरला जातो, ही सुधारणा चांगली. पण पाचाचे दहा झाले, म्हणजे लहान टोळ्या सुटल्या, आणि विस्थापन भत्ता गळाला.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंद्रवेल्लीच्या इतिहासात 'बाहेरून आलेला' हा शब्द पीडिताचा नाही. निजामाच्या काळात रस्ते झाले, रेल्वे आली, जंगल साफ झालं आणि त्या वाटेनं जमिनीच्या शोधात माणसं आली. त्यांत तेलुगू शेतकरी होते, सावकार होते आणि मराठी बोलणारे कुणबीही होते. आपलीच माणसं. गोंड आणि कोलामांच्या हातून जमिनी गेल्या. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा बंडखोर पुढारी कोमरम भीम मारला गेला, तेव्हा कुठं निजाम सरकारला जाग आली आणि ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इथं पाठवलं गेलं. पुढं १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम आला, १९७० मध्ये तो कडक झाला. तो आजही इथं 'वन ऑफ सेव्हंटी' याच नावानं सगळ्यांच्या तोंडी आहे. आदिवासी पट्ट्यातली जमीन बिगरआदिवासीला घेता येणार नाही, असा तो नियम. १९७६ च्या कायद्यानं लंबाडा, म्हणजे लमाण समाजाला इकडं अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात तो नव्हता. त्यामुळं सीमेपलीकडून येणाऱ्यांचा ओघ वाढला, ही गोंडांची तक्रार आजही संपलेली नाही.

२० एप्रिल १९८१. तोही सोमवारच होता. गिरिजन रयतू कूली संघमनं जमिनीच्या पट्ट्यांसाठी आणि सावकारीविरुद्ध सभा बोलावली होती. परवानगी ऐनवेळी नाकारली गेली, गावोगावचे गोंड तोवर वाटेला लागले होते, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. मानवी हक्कांच्या संघटनांनी तो कितीतरी मोठा सांगितला. गावाबाहेरचा स्तूप त्याच गोळीबाराच्या स्मरणाचा.

म्हणून 'स्थलांतरितांसाठी निधी' असं इथं कोणी म्हटलं, तर एखादा गोंड म्हातारा आधी विचारणार : कोणासाठी? जमीन घ्यायला आलेल्यांसाठी, की जमीन गेल्यावर बाहेर पडलेल्यांसाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊ नये. भांडवल घेऊन येणारा आणि नुसते दोन हात घेऊन येणारा, दोघांना एकच शब्द लावला की घोटाळा होतो. या लेखात मी बोलतोय तो दुसऱ्याबद्दल. वेचणीला आलेली मावशी आणि इथून हैदराबादला परांचीवर चढायला गेलेला गोंड पोरगा, हे दोघं एकाच बाजूचे.

शिवाय इथली सरहद्द माणसांपेक्षा जास्त हललेली आहे. किनवट आणि राजुरा हे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. राज्य पुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, पुढं महाराष्ट्रात, आणि इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला दरवर्षी चालत येणारे तिकडचे गोंड एका रात्रीत 'परराज्यातले' झाले. जिवतीजवळच्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यं हक्क सांगतात आणि तिथली बरीचशी मराठी माणसं, स्वतः मराठवाड्यातून येऊन वसलेली, दोन्हीकडं मतदान करतात. दोन-दोन रेशनकार्डं असलेल्या त्या माणसांकडं जमिनीचा पट्टा मात्र धड एकाही राज्याचा नाही.

आता पैशाकडं येऊ. मजुरांच्या नावानं देशात पैसा किती आहे, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. १९९६ च्या कायद्यापासून कोणत्याही मोठ्या बांधकामावर खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकर घेतला जातो आणि तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडं जमा होतो. तुमच्या शहरातल्या टोलेजंग इमारतीच्या प्रत्येक मजल्यात मजुराचा हा वाटा मुरलेला असतो. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, केंद्रीय कामगार मंत्रालयानं राज्यांना कळवलं की या निधीत सुमारे ५२,००० कोटी रुपये शिल्लक आहेत आणि नोंदणी झालेले मजूर सुमारे साडेतीन कोटी आहेत, त्यांच्या खात्यावर रक्कम टाका. त्यानंतरचे आठवडे इथल्या माणसांना आठवतात. हैदराबाद-नागपूर महामार्ग गुडीहत्नूरवरूनच जातो. पायांना चिंध्या बांधलेली, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं उत्तरेकडं चालत होती. वाटेतल्या गावांनी पाणी दिलं, भात दिला. त्या चालणाऱ्यांत बांधकामावरचे किती होते आणि त्यांतल्या किती जणांच्या खिशात मंडळाचं नोंदणी कार्ड होतं? नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला देणार ठेकेदार. आणि ठेकेदारानं दाखला दिला म्हणजे तो मजूर आपला असल्याचं त्यानं लिहून दिलं. तो कशाला देईल?

दुसरा निधी आणखी जवळचा आहे. वेठबिगार मुक्तीसाठी १९७६ चा कायदा आहे, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेनुसार प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडं किमान १० लाख रुपयांचा कायमस्वरूपी पुनर्वसन निधी असायला हवा. उचल फिटेपर्यंत वीटभट्टीवर अडकवून ठेवलेला माणूस सोडवला की हातखर्चासाठी तातडीची मदत या निधीतून द्यायची, आणि पुढं पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाईला किंवा मुलाला २ लाख, फार भीषण प्रकरणात ३ लाख. यासाठी एक कागद लागतो, सुटकेचा दाखला. तो न देता पोलिसांनी किंवा तहसीलदारांनी माणसांना नुसतं गाडीत बसवून गावी पाठवलं, की 'प्रकरण मिटलं' आणि पैसाही मिटला. सोडवायला गेलेल्यांत हा दाखला मागायचा असतो हे ठाऊक असलेला एक माणूस असेल, तर सगळं वेगळं होतं.

तिसरं, आखातात गेलेले. इंद्रवेल्लीतून कमी जातात, पण निर्मल, जगत्याल, निजामाबाद या पट्ट्यात घरटी एक दुबई-सौदीला. परदेशातल्या अडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. वकिलातीत कागदपत्रांच्या कामासाठी जे शुल्क घेतात, त्यावरच्या जादा आकारातून तो उभा राहतो, म्हणजे मजुरांच्याच खिशातून. त्यातून तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, कायदेशीर मदत, मृतदेह गावी पोचवणं हे होतं. शिवाय दहावी न झालेल्यांना अठरा देशांत कामासाठी जाताना सरकारी परवानगी लागते आणि त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा सक्तीचा : दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि संरक्षण १० लाखांचं. दहावी झालेल्याच्या पासपोर्टावर परवानगीची अट नसते, त्यामुळं विम्याची सक्तीही नाही. गावात पोराला दहावी पास झाल्याचे पेढे वाटतात, आणि आखाताच्या वाटेवर तोच पास झालेला पोरगा नापास पोरापेक्षा उघडा पडतो. भेटीच्या व्हिसावर जाऊन काम धरणारे तर कोणत्याच वहीत नसतात. एजंटाला कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो, हेही गावात कोणी सांगत नाही. तेलंगण सरकारनं २०२४ मध्ये आखातात मरण पावलेल्यांच्या वारसांना ५ लाख देण्याचं ठरवलं. चांगलंच झालं. पण ते मेल्यानंतरचं.

महाराष्ट्रात ऊसतोड्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. कारखान्यानं टनामागं १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, अशी त्याची रचना. कोयत्यामागं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागं, हिशेब चालणाऱ्या धंद्यात टनावर बसवलेला हा आकार मला हुशारीचा वाटतो. ऊस तुटला की पैसा जमलाच पाहिजे, कोणाच्या दयेचा प्रश्न नाही.

या सगळ्या निधींकडं एकत्र पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पैसा वस्तूला आहे, घटनेला आहे. कल्याण मंडळानं वाटलेल्या भांड्यांच्या संचाला आहे, पेटीला आहे, मृत्यूला आहे, इमारतीला आहे. माणसाला हाताशी धरून कार्यालयापर्यंत नेणाऱ्या माणसाला नाही.

अशा माणसाची सोबत काय करते ते एका उदाहरणानं सांगतो. समजा इंद्रवेल्लीजवळच्या एका गुड्यातला, म्हणजे पाड्यावरचा, पोरगा हैदराबादेत परांचीवरून पडून गेला. ठेकेदार शव घरी पोचवतो, हातावर वीस हजार ठेवतो आणि तेलुगूत टाइप केलेल्या कागदावर बापाचा अंगठा घेतो. घरचे म्हणतात, माणूस भला होता, गाडी करून दिली. आता सोबतीनं तिथं पोचायचं आणि सांगायचं : कामावर मृत्यू आला तर भरपाईचा हक्क आहे, तो काही लाखांचा असतो, आणि आयुक्तासमोर नोंदवल्याशिवाय बाहेर केलेल्या असल्या तडजोडीनं तो जात नाही. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालक जबाबदार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खटला हैदराबादला जाऊन लढायची गरज नाही. वारस जिथं राहतात तिथल्या आयुक्ताकडं दावा लावता येतो. १९२३ च्या जुन्या कायद्यात ही सोय होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. मग प्रथम खबरीची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल, वयाचा दाखला, वारसाचा दाखला, सोबतच्या मजुरांचे जबाब. हे सोबतचे मजूर तोवर बंगळुरूला दुसऱ्या साइटवर गेलेले असतात, त्यांना फोनवर फोन करून धरून ठेवायचं. झेरॉक्सवाल्याकडं दहा चकरा. आठ-दहा तारखा. प्रत्येक तारखेला बापाला बसमध्ये बसवून आणायचं, दुपारी जेवू घालायचं, परत पाठवायचं. वकील या सगळ्याच्या शेवटी येतो.

वकील फुकट मिळतो, हे विसरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, कारखान्यातला कामगार, वेठबिगारीत अडकलेला, यांना सरकारी खर्चानं वकील द्यावाच लागतो. गोंडाला किंवा वेचणीच्या मावशीला उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागता येत नाही. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक. याच व्यवस्थेत विधी स्वयंसेवक नेमायचीही तरतूद २००९ पासून आहे, तो सोबतीच्या सर्वांत जवळचा. पण त्याला रोजावर मानधन, आणि तेही नेमून दिलेल्या दिवसांचं.

संस्था हे काम करत आल्या आहेत. उदयपूरच्या आजीविका ब्युरोनं राजस्थानातून गुजरात-मुंबईकडं जाणाऱ्यांसाठी ओळखपत्रापासून बुडालेल्या मजुरीच्या तडजोडीपर्यंत दोन्ही टोकांना केंद्रं उभारली. गावी एक आणि शहरात एक, ही त्यातली खरी युक्ती. नाशकात दिशा फाउंडेशननं मजूर नाक्यावर उभ्या माणसांपासून सुरुवात केली. मोबाइल क्रेशेसनं १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर मांडलं, पुढं मुंबईतही. या कामांना पैसा देणारे दोन मोठे स्रोत. एक, मोठ्या कंपन्यांचा नफ्यातला दोन टक्के सामाजिक खर्च. कायद्याच्या ज्या यादीतून कंपन्या काम निवडतात, तिच्यात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा असं बरंच आहे. स्थलांतरितांचे कायदेशीर हक्क असा वेगळा धागा तिच्यात नाही. आणि ज्याच्या विरुद्ध दावा लावायचा तो कधीकधी त्याच कंपनीच्या ठेकेदाराचा ठेकेदार असतो, तेव्हा कंपनी शाळेला रंग देणं पसंत करते. दुसरा, परदेशी देणगी. त्यासंबंधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मोठ्या शहरातल्या संस्थेनं पैसा आणायचा आणि उटनूरसारख्या ठिकाणच्या लहान मंडळाला त्यातला थोडा द्यायचा, ही वाट तिथं बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. हिशेब तपासायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण सोबतीचा खर्च म्हणजे पगार, प्रवास आणि फोन. हिशेबनिसाला तो चैनीसारखा दिसतो.

बाहेरच्या जगात याचा विचार झालेला आहे. फिलिपिन्समधून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या कराराला २५ डॉलर सदस्यत्व जोडलेलं असतं, आणि त्या निधीतून परदेशातल्या शहरांत कल्याण अधिकारी बसवलेले असतात. पैसा माणसावर खर्च होतो. अमेरिकेत हद्दपारीच्या खटल्यात सरकारी वकील मिळण्याचा हक्क नाही. २०१३ साली न्यूयॉर्क शहराच्या परिषदेनं ५ लाख डॉलर बाजूला काढून, कोठडीतल्या गरीब परदेशी माणसांना वकील देण्याचा प्रयोग केला. पुढं तो शहराच्या अंदाजपत्रकाचा नेहमीचा भाग झाला. वकील आहे की नाही, एवढ्यानं निकाल बदलतो हे तिथं उघड दिसलं.

पण मला या सगळ्यांपेक्षा मुंबईतली एक जुनी गोष्ट जास्त पटते. धोबी तलावच्या जेर महालमध्ये आणि आसपासच्या गल्ल्यांत गोमंतकीयांचे कूड आहेत. कूड म्हणजे खोली. एकेका गावानं मुंबईत घेतलेली. बोटीवर नोकरी शोधायला आलेला पोरगा थेट आपल्या गावाच्या कुडात पथारी टाकायचा. भिंतीला ओळीनं लावलेल्या पेट्या, मध्ये गावच्या संताची वेदी, रात्री सगळ्यांनी मिळून म्हणायची रोजारीची प्रार्थना, आणि महिन्याची किरकोळ वर्गणी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालचा होता, म्हणजे तोवर हा पोरगा मुंबईत कायद्यानं परदेशीच. त्याच्या सुरक्षिततेचा सगळा खर्च त्याच्या गावानं उचलला. कोणत्या बोटीवर भरती आहे, कोणता दलाल फसवतो, पगारातून किती कापतात, हे त्याला तिथल्या जुन्या खलाशांकडून कळायचं. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गावमंडळांच्या खोल्याही याच जातीच्या. गावच्या माणसांनी गावच्या माणसासाठी ठेवलेली सोबत.

असं इथं होणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी केस्लापूर दाखवतो. इंद्रवेल्ली मंडलातलंच गाव. पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, गोंडांच्या मेसराम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला मैलोन्मैल चालत जातात. नागोबाचं नवं दगडी देऊळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडलं. सुमारे ५ कोटी रुपये मेसराम कुळानं आपसांत वर्गणी काढून उभे केले. ज्यांच्या जमिनी गेल्या म्हणून आपण हळहळतो, त्या माणसांनी. आणि याच जत्रेत १९४२ पासून दरबार भरतो. हायमेनडॉर्फनं घातलेली प्रथा. अधिकाऱ्यांनी गोंडांच्या पुढ्यात येऊन बसायचं आणि गाऱ्हाणी ऐकायची. पैसा जमवायची रीत आणि गाऱ्हाणं मांडायची रीत, दोन्ही एकाच पटांगणात आहेत. आजवर त्यांची गाठ पडलेली नाही, एवढंच.

माझा हिशेब अगदी साधा. एका मंडलाला एक सोबती : महिना १५,००० मानधन, ३,००० प्रवास, २,००० फोन आणि झेरॉक्स. वर्षाचे २ लाख ४० हजार. तो किंवा ती गोंडी, तेलुगू आणि मराठी बोलणारी हवी, लंबाडा आणि गोंड दोघांनाही चालणारी हवी, आणि मुकादमाच्या नात्यातली नको. मजुरी बुडाल्याची काही प्रकरणं आणि मृत्यूचा एखादा दावा निकाली निघाला तर या रकमेच्या कितीतरी पट पैसा मंडलात येतो. सरकारी योजना म्हणून हे मागू नये असं माझं मत आहे. सरकारी झालं की त्या माणसाला निवडणुकीच्या याद्या आणि जनगणना लावतील. वर्गणी गावांची, थोडी मदत मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या इथल्या पोरांची, आणि हिशेब दरवर्षी जत्रेत वाचून दाखवायचा.

पहिलं काम तर याहून स्वस्त आहे. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम केले, त्यांत गावातून कामाला बाहेर जाणाऱ्यांची आणि बाहेरून येणाऱ्यांची माहिती ग्रामसभेकडं हवी असं लिहिलं. आपल्याकडच्या ग्रामसभेला एक वही ठेवायला कोणाची हरकत आहे? कोण गेलं, कोणाबरोबर, कुठं, मुकादमाचा फोन, उचल किती. तशीच आलेल्यांची दुसरी वही, मावशीच्या टोळीची. सुटका, भरपाई, नोंदणी, यांतल्या प्रत्येक अर्जात पहिला प्रश्न हाच असतो की हा माणूस तिथं कामाला होता कशावरून.

अर्ज द्यायला जागाही आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात दर सोमवारी प्रजावाणी असते, कोणीही जाऊन कागद देऊ शकतं. फक्त सोमवारीच इंद्रवेल्लीचा बाजार असतो, आणि टोळीची आठवड्याची मजुरी त्याच दिवशी मिळते. मावशीला दोन ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही. या भागातले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी एका सोमवारी तिची वही घेऊन आदिलाबादला जावं. बस गुडीहत्नूरवरून आहे.